बाकी ठीक ना?

तपासणीच्या खोलीतला हा शेवटचा ठरलेला प्रश्न. रिपोर्ट पाहून झालेले असतात, गोळी तीच ठेवायची की वाढवायची हे लिहून झालेलं असतं, डॉक्टरांचा हात पुढच्या केसपेपरकडे निघालेला असतो आणि तेवढ्यात ते विचारतात, "बाकी ठीक ना?" आपल्या भाषेत 'ना' लावून विचारलेला प्रश्न अर्धा प्रश्न असतो आणि अर्धं उत्तर. समोरच्याने फक्त 'हो' म्हणून ते पूर्ण करायचं असतं. गेली अकरा वर्षं आमवातासाठी दर तीन महिन्यांनी मी ते पूर्ण करत आले आहे. त्यांतल्या काही वेळा तो 'हो' धडधडीत खोटा होता.

यात डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. साधा हिशेब करून पाहा. वर्षातून चार भेटी, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे वर्षाचा एक तास. वर्षात तास असतात ८,७६०. उरलेले ८,७५९ तास आजार रुग्णाच्या एकट्याच्या ताब्यात असतो. गोळी घ्यायची की टाळायची, आज चालायला जायचं की पडून राहायचं, दुखतंय हे घरात बोलायचं की गिळायचं, हे सगळं त्या तासांत ठरतं. त्या तासांतली भीती, चिडचिड, लाज आणि कंटाळा यांची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नसते.

हे असं का झालं, याचं एक कारण वैद्यकाच्या यशातच आहे. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत एका मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी त्या मुलाला होता तसा टाइप-१ मधुमेह म्हणजे थोड्या काळात ओढवणारा मृत्यू होता. आज त्याच निदानानंतर माणूस पन्नास-साठ वर्षं जगू शकतो. मारणारे आजार असे एकेक करून सोबत राहणारे आजार झाले, पण दवाखान्याची मांडणी अजून जुन्याच आजारांच्या मापाची आहे: रुग्ण येतो, औषध घेतो, बरा होतो, जातो. जो बरा होणार नाही आणि मरणारही नाही, पण पुन्हा पुन्हा येत राहील, अशा माणसाशी काय बोलायचं, हे या मांडणीला नीटसं ठाऊक नाही.

माझं म्हणणं असं की, दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढ माणसाच्या मनःस्थितीची विचारपूस ही रक्तदाब मोजण्याइतकी नेहमीची गोष्ट असली पाहिजे. आणि तिचं कारण 'मन प्रसन्न राहिलं की शरीर सुधारतं' हे नसावं. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मनाकडे लक्ष द्या म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेमकं तेच कारण पुढे करतात आणि त्यातून रुग्णाचं ओझं हलकं व्हायच्या ऐवजी वाढतं.

जुनी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला शिकागोतले मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी सात आजारांची एक यादी प्रसिद्धीला आणली. हे आजार मनातल्या संघर्षांमधून उद्भवतात, असं ते मांडत. त्यात दमा होता, उच्च रक्तदाब होता, पोटातला अल्सर होता आणि माझा आमवातही होता. दाबून ठेवलेला राग सांध्यांत उतरतो, असा तर्क. पिढ्यान्‌पिढ्या अल्सरच्या रुग्णांना शांत राहा, काळजी करू नका, असं सांगितलं गेलं. मग १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना जठरातल्या एका जिवाणूचा छडा लागला. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच पिऊन जठराला सूज आणवून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. बहुसंख्य अल्सर प्रतिजैविकांनी बरे होऊ लागले. ज्यांना आयुष्यभर 'तुमचा स्वभावच असा' म्हणून ऐकवलं गेलं, त्यांची माफी कुणी मागितल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

कर्करोगाचंही तेच. १९८९मध्ये डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. ज्यांना गटात बसून मन मोकळं करायची संधी मिळाली, त्या जास्त जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. बातमी जगभर गेली. २००१मध्ये २३५ स्त्रियांवर तसाच मोठा अभ्यास झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र मन सावरलं होतं आणि वेदनेचा जाच कमी झाला होता. ही बातमी तेवढी गेली नाही. पुढे २००७मध्ये डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या माहितीवरून जेम्स कॉयन यांनी दाखवलं की, भावनिक स्वास्थ्याचा जगण्याच्या कालावधीशी संबंध आढळत नाही. आनंदी माणसंही गेली, खचलेलीही वाचली.

हे आकडे वाचून मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण 'पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार मनातच असतो' असं म्हणतो, तेव्हा त्याच्या नकळत तो एक हिशेब मांडत असतो: आजार बळावला तर तू पुरेशी पॉझिटिव्ह नव्हतीस. सांधे सुजलेले आहेत आणि वर सुजल्याची जबाबदारीही आपलीच! 'लढवय्या' हा शब्दही तसलाच. लढाईत कुणीतरी हरतं, आणि हरणाऱ्याच्या पराक्रमात खोट काढली जाते.

आता उलट्या बाजूचा आक्षेप. मनावर उपचार करून शरीर सुधारत नसेल, तर वैद्यकाने त्यात वेळ का घालवावा? हा प्रश्न पुस्तकी नाही. मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा नैराश्य असलेल्यांचे सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. हे १९९३ सालचं. साहजिकच पुढचा विचार असा की, नैराश्य घालवलं तर जीव वाचतील. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर तो पडताळून पाहिला गेला. २००३मध्ये निकाल आला: समुपदेशनाने आणि गरज असेल तिथे गोळ्यांनी नैराश्य काहीसं उतरलं, एकटेपणही घटलं, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. मनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे चेहरे पडले.

मला या निराशेचं कारणच कळत नाही. दाढ दुखते म्हणून गोळी घेतो, तेव्हा तिने आयुष्य किती वाढेल, असं कुणी विचारतं का? दुखणं थांबलं, एवढं पुरतं. मग रोज पहाटे चारला जाग येऊन 'आता हे असंच चालणार' या विचाराने छातीवर दगड ठेवल्यासारखं होणं, हे दुखणं नव्हे काय? ते थांबलं तर तेवढंही का पुरू नये? मनाच्या दुःखाला नेहमी दुसऱ्या कशाचा तरी दाखला आणावा लागतो: साखर घटली, दाब उतरला, औषधं वेळेवर घेतली. त्यात तथ्य नाही असं नाही. रॉबिन डिमॅटिओ यांनी २०००मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की, नैराश्य असलेल्या रुग्णांच्या हातून उपचारांची टाळाटाळ होण्याची शक्यता तिप्पट असते. पण साखर सुधारली नसती, तरी त्या माणसाला विचारायलाच हवं होतं.

हे झालं का विचारायचं याबद्दल. विचारून कळतं का, हा याहून अवघड भाग आहे. आजारी शरीरात भावना ओळखणं निरोगी माणसाला वाटतं तितकं सोपं नसतं. मधुमेह्याची साखर अचानक उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते. घाबरल्यावरही हुबेहूब हेच होतं, कारण दोन्हीकडे काम एकाच ॲड्रेनलिनचं असतं. आता हे भय आहे की साखर? ग्लुकोमीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पुष्कळदा दोन्ही असतं, कारण एकदा साखर उतरून कोसळलेल्या माणसाला पुन्हा ती उतरेल याची धास्ती बसते. दम्याच्या रुग्णाला श्वास कोंडल्याची भीती वाटते आणि भीतीने श्वास कोंडतो. थायरॉइड मंदावलं की मरगळ येते, सगळं नकोसं होतं. ते वाढलं की जिवाची उलघाल होते. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसावर मी स्वतः आठवडाभर झोपेविना घर आवरत बसले होते आणि घरच्यांना वाटलं, हिला बरं वाटू लागलं. त्यानंतर आलेली रडारड मात्र सगळ्यांनी माझ्या स्वभावाच्या खाती टाकली.

मनाची चाचणी घेणाऱ्या प्रश्नावल्याही इथे अडखळतात. सर्रास वापरली जाणारी, नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ घ्या. झोप नीट लागते का, थकवा येतो का, भूक कशी आहे, लक्ष लागतं का, असे प्रश्न तिच्यात आहेत. मूत्रपिंडाच्या किंवा सांध्यांच्या रुग्णाला यातली निम्मी लक्षणं नुसत्या आजाराने असू शकतात. ही अडचण ओळखूनच १९८३मध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयांसाठी चौदा प्रश्नांची वेगळी यादी केली आणि तिच्यातून शरीराची लक्षणं जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. पूर्वी ज्या गोष्टींत रस होता त्यांत तो अजून आहे का, हसू येतं का, पुढच्या एखाद्या गोष्टीची वाट पाहावीशी वाटते का, असा तिचा रोख आहे. मला हे प्रश्न जास्त शहाणे वाटतात. थकलेला माणूसही एखाद्या गोष्टीची वाट पाहू शकतो. वाट पाहणंच थांबलं असेल, तर काहीतरी वेगळं चाललं आहे.

आणि शब्द? १९७०च्या दशकात पीटर सिफनिऑस या मनोविकारतज्ज्ञांनी 'ॲलेक्सिथायमिया' हा ग्रीक मुळांवरून घडवलेला शब्द रूढ केला. अर्थ साधारण असा की, भावनेला शब्द न सापडणं. शरीराच्या तक्रारी भरभरून सांगणारे, पण 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' या प्रश्नावर गप्प होणारे रुग्ण त्यांनी वर्णन केले. दीर्घकालीन आजारांत असं अधिक आढळतं, असं बऱ्याच अभ्यासांनी नोंदलं आहे. आजारामुळे की आधीपासूनच, हा गुंता वेगळा. पण मराठी माणसाला अशी व्याख्या लागू करताना मी जरा सावध राहीन. आपण भावना शरीरातूनच सांगतो. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, काळजाचा ठोका चुकतो, जीव टांगणीला लागतो, आवंढा गिळतो, माणूस हाय खातो. हे शब्दांचं दारिद्र्य नव्हे. ऐकणाऱ्याने फक्त ओळखायला हवं की 'पोटात खड्डा पडतो' म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला एंडोस्कोपीची गरज नसते. आणि 'छातीत धस्स होतं' म्हणणाऱ्या प्रत्येकीला ती नुसती घाबरट आहे असं समजून ईसीजी न काढताही परत पाठवायचं नसतं.

दारिद्र्य आलं आहे ते अलीकडे, आणि 'टेन्शन' या एका शब्दाने आणलं आहे. हुरहुर, रुखरुख, धाकधूक, घालमेल, तगमग, वैताग, उबग, खंत, मरगळ: एवढ्या निरनिराळ्या अवस्था या एका शब्दाने गिळल्या. त्याने नुकसान काय झालं? धाकधूक असेल तर माहिती हवी असते. रिपोर्ट काय येईल, पुढे काय होईल, हे कुणी नीट सांगितलं तर ती उतरते. खंत असेल तर माहितीचा उपयोग नाही. नोकरी सुटली, नाच सुटला, आपण पूर्वीच्या राहिलो नाही, याचं दुःख आहे ते. त्याला सोबत हवी असते. उबग आला असेल तर विसावा हवा, आणि लाज वाटत असेल तर आपल्यासारखं आणखी कुणी आहे हे कळायला हवं. सगळ्यांना 'टेन्शन' म्हटलं की सगळ्यांवर उपायही एकच उरतो: टेन्शन घेऊ नका.

भावनेला नाव दिलं की ती किंचित निवळते, याला प्रयोगांचाही थोडाफार आधार आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भयाशी निगडित भागाची, खळबळ कमी झालेली दिसली. याउलट भावना चेहऱ्यावर दिसू न देता दाबली की ती आतून कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो, असं जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९३मध्ये दाखवलं होतं. १९९९मध्ये जोशुआ स्मिथ यांनी दमा आणि आमवाताच्या रुग्णांना तीन दिवस रोज वीस मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं आणि चार महिन्यांनी त्यांच्या आजारातही सुधारणा नोंदली. त्यानंतरचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. मी वहीचा प्रयोग करून पाहिला. सांधे होते तसेच राहिले. पण ज्याला मी दोन वर्षं 'वेदना' म्हणत होते, त्यातला बराच भाग मत्सर आहे, हे मला कळलं. धडधाकट माणसांचा मत्सर. कळल्यावर तो थोडा हास्यास्पदही वाटला.

भावनांची जाणीव म्हणजे भावना घोळत बसणं नव्हे, एवढं इथे सांगायला हवं. तेच ते दळण मनात दळत राहिल्याने नैराश्य बळावतं. काहीजण गप्प राहून, कामात बुडून आपला आजार नीट सांभाळतात. त्यांना ओढून बोलतं करण्याचा उत्साह मला पसंत नाही. निदानानंतरचे पहिले काही आठवडे 'मला काही झालेलं नाही' असं वागणंही कधी कधी माणसाला उभं ठेवतं. दार उघडं असावं, ढकलून आत लोटू नये.

शिवाय प्रत्येक खिन्नता हा आजार नसतो. १९९५मध्ये विल्यम पोलोन्स्की यांच्या गटाने मधुमेह्यांसाठी वीस प्रश्नांची यादी केली, ती याच भेदावर उभी आहे. रोज टोचून घ्यायचा, प्रत्येक घास मोजायचा, आणि इतकं करूनही आकडा बिघडला की बोलणी खायची, याने आलेल्या वैतागाला त्यांनी नैराश्यापासून वेगळं काढलं. हा वैताग रास्त आहे. त्याला गोळी नको. कदाचित औषधांचं वेळापत्रक सोपं करायला हवं, कदाचित आकडा पाहून रागावणं थांबवायला हवं. नैराश्याला मात्र उपचार लागतात, आणि जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नसतं, त्याच दिवशी सांगायचं असतं. हे दोन्ही एकाच पिशवीत घातले तर वैतागलेल्याला गोळी मिळते आणि खचलेल्याला उपदेश.

हे सगळं डॉक्टरांनी कधी करायचं? त्यांच्याकडे वेळ नाही, हे मी मान्य करूनच सुरुवात केली होती. आणि त्यांनी एकट्याने करूही नये. २०१०मध्ये वेन कॅटन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या आणि सोबत नैराश्य असलेल्या २१४ रुग्णांना वर्षभर परिचारिकांनी सांभाळलं. साखर, दाब, कोलेस्टेरॉल आणि मन या सगळ्यांचा पाठपुरावा एकीनेच केला, डॉक्टर मागे सल्ल्याला. नेहमीच्या उपचारांपेक्षा चारही गोष्टी सुधारल्या. मनाचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि शरीराचा पहिल्या, अशी वाटणी केली नाही, यात त्याचं मर्म असावं असा माझा तर्क आहे. तिसऱ्या मजल्यावर जा म्हटलं की निम्मे लोक जिन्यातूनच परततात.

नुसता फॉर्म भरून घेणं हा मात्र न विचारण्याहून वाईट प्रकार आहे. प्रतीक्षागृहात प्रश्नावली हातात द्यायची, माणसाने पहिल्यांदाच खरं लिहायचं, आणि ती कुणी न वाचता फाइलला टाचायची, असं झालं की तो पुढच्या वेळी सगळीकडे शून्य लिहितो. उत्तर आलं तर काय करायचं, हे ठरवूनच प्रश्न विचारायचा. जिथे समुपदेशक नाही, तिथे काय? तिथे निदान ऐकून घेणं आहे, पुढची भेट तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांनी देणं आहे, त्याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णाशी गाठ घालून देणं आहे. हे थोडं आहे, पण बिनकामाचं नाही.

मागच्या खेपेला आमच्या डॉक्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने रिपोर्ट पाहिले, मनगटं दाबून पाहिली आणि पेन खाली ठेवून विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत सगळ्यात जड काय गेलं?" या प्रश्नाला 'हो' म्हणता येईना. मी जरा वेळ छताकडे पाहिलं. मग म्हटलं, "हात वर जात नाहीत. माझे केस आता मुलगी विंचरून देते." ती काही बोलली नाही, मानही हलवली नाही, फक्त थांबली. फार तर पाव मिनिट. मग म्हणाली, "आणि तिला घाई असते का?"

"नाही," मी म्हटलं, "मलाच असते."